‘तो मी नव्हेच’ म्हणणारा ‘डॉन’ : अदलाबदलीच्या चित्रपटाला प्रेक्षकांनी दिलेला कौल

पेण/रोहा (प्रतिनिधी) – पोलिसांच्या पाठलागात एक कुप्रसिद्ध गुन्हेगार मरण पावतो. त्याच्यासारखाच हुबेहूब दिसणारा एक साधाभोळा गाणारा पोलीस अधिकाऱ्याच्या माहितीचा असतो. अधिकारी त्याला मृताची चाल, बोलणे व रुबाब शिकवतो आणि टोळीत पाठवून देतो. टोळीतल्या कोणाच्याही हे लक्षात येत नाही. ही गोष्ट खरी वाटते का, असे विचारल्यास कोणताही सुजाण प्रेक्षक नकारार्थी मान हलवील. तरीही १२ मे १९७८ रोजी प्रदर्शित झालेला ‘डॉन’ त्याच प्रेक्षकाने उचलून धरला, पुन्हा पुन्हा पाहिला आणि पुढच्या पिढीला सांगितला.

अदलाबदलीच्या, अतिरंजित मारधाडपटांविषयी प्रेक्षकांची मते नेहमीच दोन टोकांना असतात. एक पक्ष म्हणतो, यात डोके चालवायचे नसते. दुसरा म्हणतो, डोके घरी ठेवून तिकीट का काढायचे? मुंबईच्या मोठ्या चित्रपटगृहांत जसा हा वाद रंगला, तसाच तो पेण आणि रोह्यासारख्या गावांतही रंगत आला आहे. ‘डॉन’चा इतिहास पाहिला, तर या वादात अंतिम निकाल वितरकांचा किंवा समीक्षकांचा नव्हे, तर प्रेक्षकांचाच ठरला असे दिसते. या निकालावर एका दिवंगत माणसाचे कर्जही अवलंबून होते.

कर्ज फेडण्यासाठी काढलेला चित्रपट

‘डॉन’चे निर्माते नरिमन इराणी हे व्यवसायाने छायाचित्रकार. सुनील दत्त यांची भूमिका असलेला त्यांचा ‘जिंदगी जिंदगी’ (१९७२) हा चित्रपट चालला नाही आणि इराणी कर्जात बुडाले. कर्जाची रक्कम बारा लाख रुपये सांगितली जाते. छायाचित्रकाराच्या मिळकतीतून त्या काळी ती फिटणे अशक्यच होते. मनोजकुमार यांच्या ‘रोटी कपडा और मकान’ (१९७४) या चित्रपटाचे छायाचित्रण ते करीत होते. तेथे अमिताभ बच्चन व झीनत अमान हे कलाकार होते आणि चंद्रा बारोट हे साहाय्यक दिग्दर्शक होते. या मंडळींनी इराणींना सुचविले, की तुम्ही आणखी एक चित्रपट काढा, आम्ही साथ देतो. प्राण हेही या योजनेत सामील झाले.

कथा मिळाली सलीम-जावेद यांच्याकडून. अनेकांनी नाकारलेली एक पटकथा त्यांच्याकडे पडून होती. तिला नाव नव्हते. तिच्यातल्या मुख्य पात्रावरून ती ‘डॉनवाली’ म्हणून ओळखली जाई. हेच नाव चित्रपटालाही मिळाले. ते अनेकांना पसंत नव्हते, कारण त्याच उच्चाराची अंतर्वस्त्रांची एक छाप तेव्हा बाजारात प्रसिद्ध होती. दिग्दर्शनाची जबाबदारी बारोट यांच्याकडे आली. हा त्यांचा पहिलाच चित्रपट. पैशांची ओढाताण असल्याने तो पूर्ण व्हायला जवळपास साडेतीन वर्षे लागली.

चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच दुसऱ्या एका चित्रपटाच्या सेटवर झालेल्या अपघातात इराणी यांचा मृत्यू झाला. ज्याच्या कर्जासाठी सारा खटाटोप चालला होता, तोच राहिला नाही. मित्रांनी काम सोडले नाही. पुढे चित्रपटाच्या उत्पन्नातून इराणींच्या पत्नीने देणी फेडली. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ‘डॉन’च्या मागे उभ्या असलेल्या माणसांना ही म्हण पुरेपूर लागू होती.

पहिल्या आठवड्याचा निकाल आणि दुसऱ्या आठवड्याचा कौल

मनोजकुमार यांनी तयार होत आलेला चित्रपट पाहिला आणि उत्तरार्ध फार आवळलेला आहे, प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा हवी, असे सुचविले. त्यातून बनारसी पानाचे ते प्रसिद्ध गाणे आले. अंजान यांचे शब्द, कल्याणजी-आनंदजी यांचे संगीत आणि किशोरकुमार यांचा आवाज. देव आनंद यांच्या ‘बनारसी बाबू’साठी (१९७३) केलेले, पण तेथे न वापरले गेलेले हे गाणे होते, असे सांगितले जाते.

चित्रपट फारशा जाहिरातबाजीशिवाय लागला. त्या सुमारास अमिताभ यांचे चित्रपट एकामागोमाग येत होते. एप्रिलमध्ये ‘कसमे वादे’ आणि मेच्या सुरुवातीला ‘त्रिशूल’ प्रदर्शित झाला होता. ‘कसमे वादे’तही एकसारखे दिसणारे दोन पुरुष होतेच. त्यामुळे ‘पुन्हा तेच’ असे म्हणायला वाव होता. पहिल्या आठवड्यात व्यापारी वर्तुळाने ‘डॉन’ पडला, असे जाहीर करून टाकले.

पुढे मात्र चित्र पालटले. पाहून आलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगितले. पानाचे गाणे तोंडी बसले आणि दुसऱ्या आठवड्यापासून गर्दी वाढू लागली. ‘डॉन’ त्या वर्षीच्या यशस्वी चित्रपटांपैकी एक ठरला. अमिताभ बच्चन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे, किशोरकुमार यांना पानाच्या गाण्यासाठी आणि आशा भोसले यांना याच चित्रपटातील गाण्यासाठी पार्श्वगायनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ज्या गाण्यासाठी चित्रपटाची गोष्ट काही मिनिटे थांबते, त्याच गाण्याने तो तारला. प्रेक्षकांच्या मतांचा अभ्यास करणाऱ्याने हा मुद्दा विसरू नये.

पेण-रोह्यापर्यंतचा प्रवास

१९७८ साली पेण आणि रोहा हे तालुके कुलाबा जिल्ह्यात होते. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. रोह्याला तेव्हा रेल्वे नव्हती. आपट्याहून पुढे येणारा लोहमार्ग रोह्यापर्यंत पोहोचला १९८६ मध्ये. वडखळ-नागोठणे मार्गे धावणारी एसटी हेच मुंबईशी जोडणारे साधन. चित्रपटाच्या प्रती मोजक्या असत. त्या आधी महानगरात फिरत आणि नंतर लहान गावांकडे वळत. तोवर त्यांवर ओरखडे उठलेले असत, मधली काही फुटे गळालेली असत. रीळ तुटले की पिटातून शिट्ट्या सुरू होत.

या उशिराचा एक परिणाम असा, की लहान गावात चित्रपट येण्याआधी त्याच्याविषयीचे मत येऊन पोहोचत असे. मुंबईत गिरणीत किंवा कचेरीत कामाला असलेला माणूस गणपतीला किंवा शिमग्याला गावी आला, की काय चांगले, काय वाईट हे सांगून जाई. ‘डॉन’सारखा चित्रपट तोंडी प्रसिद्धीवर उभा राहिला, त्यात अशा माणसांचा वाटा मोठा. पुढे व्हिडिओ आला, दूरदर्शनवरचा रविवार संध्याकाळचा हिंदी चित्रपट आला, मग केबल आली. डिजिटल प्रक्षेपणानंतर तर एकाच दिवशी मुंबईत आणि तालुक्याच्या गावी चित्रपट लागणे शक्य झाले. आज मत मोबाइलवर काही मिनिटांत पसरते. ते अधिक विचारपूर्वक असते, असे मात्र म्हणता येणार नाही.

प्रेक्षकांचे मुख्य आक्षेप

‘डॉन’ आवडणाऱ्यांनीही त्याला मोकळे सोडलेले नाही. या चित्रपटाविषयी बोलताना चार आक्षेप पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

पहिला आक्षेप साम्याचा. ‘राम और श्याम’ (१९६७) किंवा ‘सीता और गीता’ (१९७२) यांत जुळी भावंडे आहेत, तेव्हा चेहरा सारखा असण्याला निदान कारण आहे. शम्मी कपूर यांच्या ‘चायना टाऊन’मध्ये (१९६२) पोलीस गुन्हेगाराच्या जागी त्याच्यासारख्याच माणसाला टोळीत पाठवितात, ‘डॉन’च्या कल्पनेचे मूळ अनेक जण तेथेच शोधतात. पण तेथेही दोघे भाऊच निघतात. ‘डॉन’मधला डॉन आणि विजय यांचे काहीही नाते नाही. साम्याचे कारण कोणी विचारत नाही आणि चित्रपटही ते सांगत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. उपअधीक्षक डिसिल्व्हा (इफ्तेखार) डॉनचा मृत्यू जगापासून लपवितात, प्रेताची विल्हेवाट गुपचूप लावतात आणि या कामगिरीची माहिती खात्यातल्या कोणालाही देत नाहीत. कोणता अधिकारी असे करील? कागदोपत्री नोंद नाही, वरिष्ठांची मंजुरी नाही. बोटांच्या ठशांचे काय? भारतात ठशांची कचेरी कोलकात्यात १८९७ पासून आहे. ठसे घेतले असते तर विजय कोण हे तासाभरात कळले असते.

तिसरा आक्षेप सोयीस्करपणाचा. टोळीत गेलेल्या विजयच्या चुका लपाव्यात म्हणून डॉनची स्मृती गेली आहे, असा बहाणा केला जातो. टोळीप्रमुखाला काही आठवत नाही आणि टोळीला संशय येत नाही, हे जरा जास्तच झाले, असे म्हणणारे कमी नाहीत.

चौथा आक्षेप अतिरेकाचा. भावाच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेली रोमा (झीनत अमान) थोड्याच अवधीत मारामारीत तरबेज होते. जसजित (प्राण) लंगडत असूनही दोन मुलांना घेऊन उंच इमारतींमधल्या दोरीवजा आधारावरून पलीकडे जातो; तो पूर्वी सर्कशीत दोरीवरून चालणारा होता, एवढे स्पष्टीकरण चित्रपट देतो. प्राण यांच्या पायाला त्या काळात खरोखरच दुखापत झालेली होती, म्हणून लंगडणे पात्रातच घेतले गेले.

या चारही आक्षेपांत तथ्य आहे. तरीही ते घेणारेच प्रेक्षक शेवटपर्यंत खुर्चीत बसून राहतात. हे कसे, याचे उत्तर कथेच्या मध्यावर आहे.

कोणी विश्वास ठेवील का?

विजयने ही कामगिरी स्वीकारली ती सांभाळलेल्या दोन मुलांच्या शिक्षणाची सोय होईल, या आश्वासनावर. तो टोळीत जातो, गुन्ह्यांचे सारे तपशील असलेली लाल डायरी मिळवतो आणि डिसिल्व्हांच्या हवाली करतो. त्यानंतर पोलिसांचा छापा पडतो आणि चकमकीत डिसिल्व्हा मारले जातात. विजय हा विजय आहे, हे ठाऊक असलेला एकमेव माणूस संपतो. पोलिसांच्या लेखी तो डॉन; टोळीला कळते तेव्हा तो फितूर. डायरी हाती लागली तरच तो स्वतःचे नाव परत मिळवू शकतो, आणि डायरी गहाळ झालेली असते.

या क्षणी प्रेक्षक साम्य, ठसे, स्मृतिभ्रंश हे सारे विसरतो. ‘असे घडेल का?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘याच्यावर कोणी विश्वास ठेवील का?’ हा प्रश्न पुढे येतो. पहिला प्रश्न कल्पनेचा आहे, दुसरा रोजच्या जगण्याचा. ज्या माणसाने तलाठ्याच्या कचेरीत स्वतःच्याच जमिनीवर स्वतःचे नाव आहे, हे सिद्ध करण्यासाठी हेलपाटे घातले आहेत, रेशनकार्डावरची नावातली एक चूक दुरुस्त करायला वर्ष घालविले आहे, त्याला विजयची धावपळ अतिरंजित वाटत नाही. कागद हरवला, साहेब बदलला, आता मी मीच आहे हे कोणाला सांगू? या चित्रपटाचा गाभा एवढाच आहे. मारामारी त्याभोवतीचे वेष्टन आहे.

प्रेक्षक पटकथेला एक थाप माफ करतो, दुसरी करीत नाही, असा जुन्या चित्रपट व्यावसायिकांचा अनुभव. ‘डॉन’ची थाप एकच : दोन अनोळखी माणसे सारखी दिसतात. ती सुरुवातीलाच सांगून टाकली जाते. तिच्यानंतर घडणारे बहुतेक सारे त्या थापेतून क्रमाने निघते. टोळीच्या मागावर असलेला इंटरपोलचा अधिकारीच (ओम शिवपुरी) मुळात त्या नावाचा नव्हे, तर टोळीतला वरदान निघतो. म्हणजे अदलाबदल पोलिसांच्या बाजूने झाली, तशी गुन्हेगारांच्या बाजूनेही झालेली असते. शेवटी आगीत जाते ती वहीदेखील नकली निघते. कथा आपल्याच नियमाने चालते, म्हणून प्रेक्षक तिच्यासोबत चालतो.

अभिनयाचा वाटाही येथे मोठा आहे. डॉन आणि विजय हे दोन नव्हे, तर तीन माणसे आहेत : थंड डोळ्यांचा डॉन, गंगेकाठच्या बोलीत बोलणारा विजय आणि डॉनचे सोंग घेतलेला, आतून घाबरलेला विजय. तिसरा माणूस पहिल्यासारखाच दिसतो, पण प्रेक्षकाला तो दुसरा आहे, हे डोळ्यांवरून कळत राहते. पेणच्या गणपती कारखान्यांत हे सांगावे लागत नाही. एकाच साच्यातून निघालेल्या मूर्ती डोळ्यांची आखणी झाली, की वेगवेगळ्या होतात.

तोतयाची जुनी ओळख

रायगडच्या माणसाला तोतया नवा नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचा मृत्यू मनाने कधी स्वीकारला नाही. पुढे सुखनिधान नावाचा एक माणूस भाऊसाहेब म्हणून प्रकट झाला. त्याला कैद करण्यात आले होते. पण १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून तो सुटला, त्याच्याभोवती फौज जमली आणि कोकणातले अनेक किल्ले त्याच्या ताब्यात गेले. पेशव्यांच्या फौजेने पराभव केल्यावर तो समुद्रमार्गे पळाला आणि कुलाब्याच्या आंग्र्यांच्या हाती सापडला. म्हणजे हे नाट्य पेणपासून फार दूर नसलेल्या किनाऱ्यावर संपले. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकरांनी याच प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. इतकी माणसे त्याच्या मागे गेली, ती केवळ चेहरा पाहून नव्हे. भाऊ परत यावेत, असे त्यांना वाटत होते, म्हणूनही गेली. तोतया यशस्वी होतो तो पाहणाऱ्याच्या इच्छेवर, हे प्रेक्षकांच्या बाबतीतही खरे आहे.

मराठी रंगभूमीने हाच विषय न्यायालयात नेला. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ (१९६२) हे नाटक माधव काझी याच्या खऱ्या फसवणुकीच्या प्रकरणावर बेतलेले. प्रभाकर पणशीकर त्यात लखोबा लोखंडेसह पाच रूपांत फिरत्या रंगमंचावर येत. आरोपी प्रत्येक साक्षीदाराला एकच उत्तर देतो, तो मी नव्हेच. प्रेक्षकाला ठाऊक असते, की हा खोटे बोलतो आहे, आणि तरी त्याच्या निर्ढावलेपणाला टाळ्या पडत.

‘डॉन’ हे या नाटकाचे उलटे रूप आहे. येथेही नायक जीव तोडून सांगतो, की तो मी नव्हे. फक्त तो खरे बोलत असतो. लखोबाचे खोटे उघडे पडावे म्हणून एक प्रेक्षक बसून राहतो आणि विजयचे खरे मानले जावे म्हणून दुसरा. मराठी प्रेक्षकाला ‘डॉन’ परका वाटला नाही, याचे एक कारण येथे असावे.

मराठी पडद्यावर अदलाबदलीचा सर्वांत लोकप्रिय प्रकार महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटात दिसला. गुंड तात्या विंचूचा आत्मा बोलक्या बाहुल्यात शिरतो आणि त्याला लक्ष्मीकांत बेर्डे यांनी साकारलेल्या लक्ष्याच्या शरीराचा ताबा हवा असतो. बाहुला रामदास पाध्ये यांचा. इंग्रजी ‘चाइल्ड्स प्ले’शी (१९८८) असलेले साम्य जाणकारांनी दाखवून दिले, पण लहान मुलांनी घाबरत आणि हसत तो पाहिलाच. येथेही थाप एकच होती आणि लक्ष्याचे सांगणे कोणाला पटत नाही, हीच अडचण होती.

चेहराच काढून दुसऱ्याला लावला तर?

अदलाबदलीची हद्द गाठली ती जॉन वू यांच्या ‘फेस/ऑफ’ने (१९९७). त्यात जॉन ट्रॅव्होल्टा व निकोलस केज यांच्या पात्रांचे चेहरे शस्त्रक्रियेने बदलले जातात. पोलीस गुन्हेगाराचा चेहरा लावून तुरुंगात जातो आणि गुन्हेगार पोलिसाचा चेहरा लावून त्याच्या घरात राहू लागतो. या कामगिरीची माहिती असलेली माणसे मारली जातात. ‘डॉन’ पाहिलेल्या भारतीय प्रेक्षकाला हे वळण ओळखीचे वाटले, यात नवल नाही.

शस्त्रक्रियेविषयीचा आक्षेप मात्र शास्त्राने खराच ठरविला. पहिले आंशिक चेहरा-प्रत्यारोपण फ्रान्समध्ये नोव्हेंबर २००५ मध्ये झाले. त्यानंतरच्या अनुभवातून स्पष्ट झाले, की रुग्णाचा नवा चेहरा दात्यासारखा हुबेहूब दिसत नाही. खालची हाडे रुग्णाची, वरची त्वचा दात्याची. त्यातून तिसराच चेहरा तयार होतो. शिवाय शरीराने तो नाकारू नये म्हणून आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. चित्रपटातल्यासारखे काही दिवसांत धावणे-उड्या मारणे दूरच.

हिंदीत राकेश ओमप्रकाश मेहरा यांच्या ‘अक्स’मध्ये (२००१) खुन्याची दुष्ट प्रवृत्ती पोलीस अधिकाऱ्यात शिरते. अमिताभ बच्चन व मनोज बाजपेयी यांच्या अभिनयाची प्रशंसा झाली, पण चित्रपट तिकीट खिडकीवर चालला नाही. येथे कोण कोणाच्या आत आहे, हे प्रेक्षकाला सतत तपासावे लागत होते. थापेचे नियम स्पष्ट नसले, की मोठा नटही प्रेक्षकाला धरून ठेवू शकत नाही.

२००६ : दोन पिढ्यांचे दोन कौल

फरहान अख्तर यांनी शाहरुख खानला घेऊन ‘डॉन’ नव्याने केला आणि तो २० ऑक्टोबर २००६ रोजी, दिवाळीत प्रदर्शित झाला. कथा क्वालालंपूरला गेली, डायरीच्या जागी संगणकाची डिस्क आली. खरा बदल शेवटी होता : ज्याला आपण तीन तास विजय समजून सहानुभूती दिली, तो प्रत्यक्षात डॉनच निघतो.

या शेवटावर प्रेक्षक दुभंगले. पहिला चित्रपट न पाहिलेल्या तरुणांना हा धक्का आवडला. जुन्या प्रेक्षकांतील अनेकांना तो फसवणूक वाटला. केवळ जुन्या आठवणींचे प्रेम म्हणून त्यांचा आक्षेप बाजूला सारता येणार नाही. जुन्या चित्रपटात ‘तो मी नव्हे’ म्हणणारा माणूस खरा होता आणि जगाने त्याच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. नव्या चित्रपटात तोच माणूस लखोबा निघतो आणि विश्वास ठेवणारे मूर्ख ठरतात. म्हणजे चित्रपटाने पात्रे बदलली नाहीत, प्रेक्षकाची जागा बदलली. १९७८ मध्ये प्रेक्षक साक्षीदार होता. २००६ मध्ये तो फसवला गेलेला फिर्यादी झाला. हा बदल अनेकांना मानवला, हेही खरे. २०११ मध्ये ‘डॉन २’ आला तो त्यामुळेच.

दक्षिणेत मात्र जुन्या कथेचा मूळ गाभा टिकला. तेलुगूत ‘युगंधर’ (१९७९), तमिळमध्ये रजनीकांत यांचा ‘बिल्ला’ (१९८०) आणि मल्याळममध्ये मोहनलाल यांचा ‘शोभराज’ (१९८६) असे तिचे अवतार झाले. ‘बिल्ला’ २००७ मध्ये अजित यांना घेऊन पुन्हा निघाला. एवढ्या भाषांतल्या प्रेक्षकांना एकच अशक्य गोष्ट पटली.

प्रेक्षक चुकत नाही, असे नाही

प्रेक्षकांचा कौल नेहमीच योग्य असतो, असा याचा अर्थ नाही. चांगले चित्रपट पडले आहेत आणि टाकाऊ चित्रपट चालले आहेत. पण ‘डॉन’च्या बाबतीत पहिल्या आठवड्याचा निकाल घाईचा होता आणि तिकीट काढून बसलेल्या सामान्य माणसाने तो फिरवला. त्याला कथेतले कच्चे दुवे दिसत नव्हते, असे नाही. ते त्याने मोजले आणि एका गोष्टीसाठी माफ केले. निरपराध माणसाला आपले नाव परत मिळते का, हे त्याला पाहायचे होते.

चंद्रा बारोट यांचे २० जुलै २०२५ रोजी मुंबईत निधन झाले. पहिल्याच चित्रपटाने मिळवून दिलेले यश त्यांना पुन्हा मिळाले नाही. नरिमन इराणी तर ते यश पाहायलाच नव्हते. पडद्यावर मेलेल्या माणसाच्या जागी दुसरा उभा राहिला, हे खोटे. पण पडद्यामागे मेलेल्या माणसाच्या जागी त्याचे मित्र उभे राहिले आणि त्याचे कर्ज फिटले, हे खरे. तिकीट काढणाऱ्यांना याची कल्पना नव्हती. त्यांनी फक्त शेजाऱ्याला सांगितले, की चित्रपट बघण्यासारखा आहे.

थोडक्यात ‘डॉन’ (१९७८)

प्रदर्शन : १२ मे १९७८
निर्माते : नरिमन इराणी
दिग्दर्शक : चंद्रा बारोट
कथा-पटकथा : सलीम-जावेद
संगीत : कल्याणजी-आनंदजी
प्रमुख कलाकार : अमिताभ बच्चन (डॉन व विजय), झीनत अमान (रोमा), प्राण (जसजित), इफ्तेखार (डिसिल्व्हा), ओम शिवपुरी, हेलन (कामिनी)
फिल्मफेअर पारितोषिके : सर्वोत्कृष्ट अभिनेता, पार्श्वगायक व पार्श्वगायिका
हिंदी पुनर्निर्मिती : ‘डॉन’ (२००६), दिग्दर्शक फरहान अख्तर